एकशे सतरा नंबरची नळी

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद. थोरल्या भावाने पत्राच्या वर हेच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही असाल. तू फोन उचलत नाहीस, ते तुझं बरोबरच आहे, म्हणून हे पत्र. हाताने लिहायची सवय इतकी मोडली आहे की चार ओळींतच अंगठा दुखायला लागला. अक्षराचं तुला ठाऊकच आहे, कुत्र्याचे पाय मांजराला.

तुझ्या वहिनीचा उजवा गुडघा गेलाय. आता काठी घेऊन चालते आणि मी लक्ष दिलं नाही की त्याच काठीने मला ढोसते. तुझा भाचा नोकरीला लागला. घरी येतो, जेवतो, झोपतो. त्याच्याशी बोलायचं तर स्वप्नात जावं लागेल. मावशीला हवं तेव्हा नीट ऐकू येतं आणि नको तेव्हा अजिबात येत नाही. आमची प्रयोगशाळा खालच्या मजल्यावर हलवली. खिडकी गेली, त्या जागी एक नवं यंत्र आलं, आणि माझं दिवसभराचं काम ते दोन तासांत करतं. तरी मला ठेवलंय. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं, तेवढ्यासाठी कोण हलवणार?

अजून एक बातमी आहे. ती शेवटी लिहिणार होतो, पण पान संपेल. भुलीचा अभ्यास संपला. गेल्या महिन्यात, कुणाला कोणती भूल मिळाली ती यादी उघडली.

आईच्या ऑपरेशनच्या आधीचा रविवार आठवतो का? ती टेबलाशी मटार सोलत होती आणि तू तिला समजावत होतीस. मी अजूनही नव्या मुलांना तुझ्याच शब्दांत सांगतो.

तू म्हणालीस, "आई, आतड्यातली गाठ काढताना तिच्यातल्या चार-दोन पेशी सुटून रक्तात पळतात. त्यांना धरून मारणाऱ्या पेशी आपल्याच अंगात असतात. पण ऑपरेशनच्या धसक्याने त्या थोडे दिवस सुस्तावतात. भूल कोणती दिली तर त्या कमी सुस्तावतील, ते आम्हाला बघायचंय. तोंडावाटे गॅस, की शिरेतून औषध आणि जोडीला पाठीत सुई."

"म्हणजे मी झोपले की माझे शिपाईही घोरणार?"

"गॅसने जास्त घोरतात असं काही जण म्हणतात. नक्की कुणालाच माहीत नाही. म्हणून तर अभ्यास."

"मग तुला बरी वाटेल ती दे."

"मी नाही गं ठरवायचं. पाकीट फोडायचं, आत लिहिलं असेल ती द्यायची."

"असू दे," आई म्हणाली, "लग्नाच्या वेळीसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं."

आपण तिघंही हसलो होतो. मग ती अडून बसली की भूल तूच द्यायचीस, दुसऱ्या कुणाच्या हातून ती झोपणारच नाही. घरच्या माणसाला भूल द्यायची नसते, पण तुझ्या वरिष्ठांनी शेजारी उभं राहायचं कबूल केलं आणि झालं. वर तू भूल देणार, खाली रक्ताच्या नळ्या माझ्याकडे येणार. नळीवर नुसता नंबर, नाव नाही. कुणाला कोणती भूल मिळाली हे तू बोलायचं नाही, मी विचारायचं नाही. आपण दोघांनी त्या कागदावर एकाच पेनाने सह्या केल्या होत्या.

तर निकाल असा. चारशे बारा रुग्ण, पाच-पाच वर्षं नजर ठेवली. आजार परत येण्यात भुलीने फरक पडला असं आमच्या अभ्यासात दिसलं नाही. गॅसवाल्यांच्या मारक पेशी दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त ढिल्या पडल्या होत्या, पाचव्या दिवशी दोन्हीकडच्या जवळजवळ सारख्याच. आमचा आकडेशास्त्री म्हणाला, "फरक आहे, पण आयुष्यात नाही, फक्त नळीत आहे." तो असंच बोलतो.

यादी मी एकपासून वाचत गेलो. आईचा नंबर ११७, तो आधी काढला नाही. तिथपर्यंत पोचायला दहा-बारा मिनिटं लागली असतील. समोर लिहिलं होतं: शिरेतून औषध, पाठीत सुई.

म्हणजे गॅस नव्हता. आईला तू गॅस दिलाच नव्हतास. म्हणजे स्वयंपाकघरात मी जे बोललो ते चूक होतं. हे तुला कळवायला हवं म्हणून कळवतो आहे. यादी वाचून झाल्यावर मी डबा खाल्ला. भूक होती.

जाता जाता एक. ११७चा दुसऱ्या दिवशीचा आकडा फार खाली आहे आणि आमच्या प्रमुखबाईंना तो खटकलाय. त्या भुलीचा चार्ट मागवणार आहेत. तुलाही कदाचित पत्र येईल. घाबरू नकोस, रीत म्हणून पाठवतात. १३ तारखेला, गुरुवारी, बैठक आहे.

जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
दादा


८ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय ठमे,

तुझी चिठ्ठी मिळाली. "मला खुलाशाची नोटीस आली आहे. मॉर्फिन किती दिलं ते चार्टवर आहे. आता अजून काय हवंय?" एवढंच. खाली नावही नाही. मी तीनदा वाचली, मग वहिनीने वाचली. ती चहा ठेवायला उठली आणि काठी खुर्चीलाच विसरली.

नोटीस मी पाठवलेली नाही, हे आधी सांगतो. प्रमुखबाईंनी पाठवली. त्यांचं म्हणणं असं की या माणसाला तर शिपायांना जागं ठेवणारी भूल मिळाली होती, मग मारक पेशी इतक्या कशा कोसळल्या? गॅस नाही म्हटल्यावर राहिलं मॉर्फिन, तेही या पेशींना सुस्त करतं. म्हणजे एकतर ते भरमसाट दिलं असेल, नाहीतर पाठीतली सुई नीट लागली नसेल आणि रुग्ण दुखण्याने तळमळत राहिला असेल. दोन्ही बाजूंनी बोट तुझ्याकडेच जातं. बाई वाईट नाहीत. त्यांना एक टोक सुटलेलं दिसलं आणि त्या ते ओढतायत.

आता मी माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो.

प्रत्येकाच्या चार नळ्या. एक ऑपरेशनच्या आधी, एक टाके घातल्यावर लगेच, एक दुसऱ्या दिवशी, एक पाचव्या दिवशी. मारक पेशी काढायच्या, ट्रेमध्ये वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींबरोबर चार तास सोडायच्या, आणि शंभरातल्या किती मेल्या ते मोजायचं. आईच्या ऑपरेशनच्या आधी एकतीस होत्या. टाके घातल्यावर बावीस. दुसऱ्या दिवशी चार.

चार. इतरांचे त्या दिवशी चौदा, सतरा, वीस असे असतात. एकदा नऊ बघितला होता, तो माणूस ऑपरेशननंतर तापाने फणफणला होता.

आईची ही नळी आली त्या दिवशी मी एकटाच होतो. प्रयोगशाळेतली दुसरी मुलगी रजेवर. नमुना सकाळी आला आणि लावायला उशीर झाला. तुला आठवेल, आईला त्या दिवशी उलट्या होत होत्या आणि मी वरच बसलो होतो. तू राउंडला आलीस तेव्हा मी तिचे केस विंचरत होतो. तू म्हणालीस, "दादा, तुला काम नाही का?" आई म्हणाली, "राहू दे गं, त्याला कुठे रोज माझी वेणी घालायला मिळते?" घालता येत नव्हतीच मला. तू पुढे होऊन सोडवलीस आणि पुन्हा घातलीस.

तर उशीर झाला. हे मी काल प्रमुखबाईंना तोंडी सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती उशीर?" म्हटलं, चार-साडेचार तास. त्या म्हणाल्या, "एवढ्याने काय होतंय? टेबलावर या पेशी दिवसभर टिकतात, तुम्हीच सगळ्यांना शिकवता." मी मान हलवली. आणि बाहेर येऊन नळ्यांचे स्टँड पुसत बसलो. ते स्वच्छच होते.

तू काम सोडलंस ते मला मावशीकडून कळलं होतं, तिला जावईबापूंकडून. माझ्या बोलण्यानंतर महिनाभराने, रुग्ण टेबलावर, औषध भरलेली सिरिंज हातात, आणि तुझ्याच्याने दाब देववेना. तू ती सहकाऱ्याच्या हातात दिलीस आणि कपडे बदलून घरी गेलीस. आता नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवतेस. चांगलं शिकवत असशील. चौदा वर्षं भूल दिलीस, एक माणूस टेबलावर गेला नाही तुझ्या हातून. हे त्या वेळी कुणी म्हटलं नाही, मीही नाही.

मावशीने सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हटलं होतं. ती म्हणाली, "बरं काय?" मी पुन्हा "बरं" म्हटलं.

नोटिशीला उत्तर देऊ नकोस. गुरुवारपर्यंत थांब. मी बैठकीला आहे.

वहिनी तुला बोलावते आहे. तिने तसं लिहायला सांगितलं, मी माझ्या मनाचं लिहीत नाही.

दादा


१३ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी चार

ठमे,

आज वर 'प्रिय' लिहिलं नाही, तसंच सुरू करतो.

मागच्या पत्रात "उशीर झाला" लिहिलं होतं. ते खरं आहे आणि त्याचा काही संबंध नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला नळी आली. वर फक्त ११७. ती कुणाची हे मला कळायला नको होतं, पण आईच्या संमतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून मीच सही केली होती आणि नंबर कोपऱ्यात होता. नळी हातात घेतली तर अजून कोमट. तेवढ्यात वॉर्डातून फोन आला, "आईंना उलट्या होतायत, तुम्हाला बोलावतायत." ट्रे लावायला पाऊण तास जातो. म्हटलं, आधी वर जाऊन येऊ. मग मनात आलं की आईचं रक्त असं उघड्यावर टाकून कसं जायचं? खराब झालं तर? म्हणून मी ती नळी फ्रीजमध्ये ठेवली.

पुढचं तुला सांगायला नको. तरी लिहितो, कारण हे मला पूर्ण लिहून हवं आहे. पुष्कळ तपासण्यांना रक्त गार ठेवलेलं चालतं. या पेशींना चालत नाही. टेबलावर त्या दिवसभर काम करतात, फ्रीजमध्ये चार तासांत संप करतात. आमच्या फ्रीजच्या दारावर पाटी आहे: "अभ्यासाचं रक्त आत ठेवू नये." पाटी माझ्या अक्षरात आहे. दुसऱ्या कुणाची नळी असती तर मी ती टेबलावर ठेवून शिट्टी वाजवत वर गेलो असतो. आईची म्हणून जास्त काळजी घेतली.

दोन वाजता खाली आलो, फ्रीज उघडला आणि कळलं. त्याच क्षणी कळलं, नंतर नाही. मी नळी मुठीत धरून उभा राहिलो, गरम करत होतो. अठ्ठावीस वर्षं हेच काम करणारा माणूस. मग ट्रे लावला. चार तासांनी आकडा आला, चार.

फॉर्मवर दोन रकाने असतात. एक आकड्याचा, दुसरा "नमुना बाद, कारण लिहा" असा. मी चार लिहून सही केली. दुसऱ्या रकान्यात फ्रीज लिहिलं असतं तर बाईंनी विचारलं असतं की इतकी वर्षं चूक झाली नाही, आजच कशी? मग ११७ कोण हे मला ठाऊक आहे तेही निघालं असतं. बोलणी खावी लागली असती, तीही फार तर दहा मिनिटं. सहा-सात वर्षं मी याहून मोठं कारण शोधतोय. सापडत नाही.

आणि पाचव्या दिवशीची नळी मी टेबलावर ठेवली. तिचा आकडा सत्तावीस आला. म्हणजे आईचे शिपाई ठणठणीत होते. सत्तावीस मी घरात कुणालाही सांगितला नाही.

आजार परत आला, ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी आई गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी आपण स्वयंपाकघरात होतो. तू भांडी विसळत होतीस, मावशी आणि जावईबापू टेबलाशी. आईच्या औषधांच्या बाटल्या टाकायच्या की ठेवायच्या यावर काहीतरी चाललं होतं. तू म्हणालीस, "टाकून दे दादा, आता कशाला?" आणि मी म्हणालो, "तुला काय, तू मोकळी झालीस. एकतीसचे चार केलेस एका रात्रीत. तुझ्या गॅसने मारलं तिला."

शब्द हेच होते. मला विसरायला झालेले नाहीत.

तू नळ बंद केलास, हात पुसलेस आणि गेलीस. मला वाटलं, बोलली नाही म्हणजे कबूल केलं. आता यादी बघितल्यावर कळतंय की तू बोलू शकत नव्हतीस. अभ्यास चालू होता, मी प्रयोगशाळेतला माणूस होतो, तू त्या कागदावर सही केली होतीस. "गॅस नव्हता रे" एवढे तीन शब्द. तेही तू बोलली नाहीस, सही पाळलीस. मी त्याच कागदावर सही करून आईचा नंबर वाचला, खोटा आकडा लिहिला आणि तोच तुझ्या अंगावर फेकला.

मी तेव्हा जाणूनबुजून खोटं बोललो का, हे तू विचारशील. मी स्वतःला विचारलं आहे. आधी खोटं लिहिलं, मग आई खंगत गेली आणि ते चार मला खरं वाटायला लागलं. कुणाचा तरी दोष असला की आई गेल्याचं सोपं जात होतं. फ्रीज मला आठवत नव्हता असं नाही. फक्त तिकडे बघत नव्हतो.

आता आजचं. बैठकीला प्रमुखबाई, आकडेशास्त्री, सर्जन आणि मी. बाईंनी तुझा चार्ट टेबलावर पसरला. मी तो पहिल्यांदाच बघितला. मॉर्फिन जवळजवळ नाहीच. सर्जन म्हणाले, "इतकी नीट लागलेली पाठीतली सुई मी क्वचित बघतो." आणि खाली तू दर पंधरा मिनिटांनी तिचं तापमान लिहिलं होतंस. छत्तीस पूर्णांक सात, छत्तीस पूर्णांक आठ, पुन्हा आठ. तीन तास दहा मिनिटं. बाजूला बारीक अक्षरात, "सलाइन कोमट करून. पायांवर दुसरं ब्लँकेट. खोलीचा एसी कमी करायला सांगितला." सर्जन हसून म्हणाले, "मला आठवतंय, घामाने माझा चष्मा घसरत होता आणि ही बाई ऐकेना." अंग गार पडलं की शिपाई ढेपाळतात, म्हणून तू तीन तास तिला गार पडू दिलं नाहीस.

मी तिथेच सांगितलं. उभा राहिलो नाही, बसूनच सांगितलं. फ्रीज, मूठ, रकाना, सगळं. आवाज नेहमीचाच होता. कुणीतरी मध्ये विचारलं, "पाणी हवंय का?" मी म्हटलं, "नको."

आकडेशास्त्र्याने ११७ची ती ओळ काढली आणि सगळं गणित पुन्हा चालवलं. दोन मिनिटं लागली. निकाल तोच. "काही फरक नाही," तो म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून.

मला वाटलं होतं, सांगून झाल्यावर काहीतरी होईल. रडू, किंवा हलकं वाटेल. काही झालं नाही. पाठीत सुई दिल्यावर माणूस स्वतःच्या पायाला हात लावून बघतो आणि विचारतो, हा माझाच ना, तू सांगायचीस तसं. मी जिना उतरून खाली आलो आणि उरलेल्या नळ्या लावल्या. सगळ्या टेबलावर होत्या.

तुझी नोटीस मागे घेतल्याचं पत्र तुला येईल. बाईंनी मसुदा दाखवला. त्यात कारण "तांत्रिक त्रुटी" असं आहे. मी म्हटलं, तसं नको, माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी करत नाहीये मी, विभागाची अब्रू आहे." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी फाइल बंद केली. माझी चौकशी वेगळी होईल, तिचं काय ते होईल.

म्हणून मी दुपारी रजा टाकून मावशीकडे गेलो. जे बोललो ते तिच्यासमोर बोललो होतो. तिला सगळं सांगितलं, मोठ्याने, दोनदा. आज तिला सगळं ऐकू आलं. बराच वेळ ती पदराचं टोक दुमडत बसली. मग म्हणाली, "तू म्हणालास म्हणून मी सहा वर्षं तिला फोन केला नाही रे. तिचे दोन येऊन गेले, उचलले नाहीत."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "का नाही उचललेस?"

"तुझा आकडा होता ना," ती म्हणाली. "मला कुठे कळतंय त्यातलं? तू म्हणालास चार, म्हणजे चार."

तिथे मात्र मला बसवेना. मी तिच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि तोंड धुता धुता लक्षात आलं की मी रडतोय. फार नाही. बाहेर आलो तर मावशी फोन हातात घेऊन बसली होती, बटणं दाबत नव्हती. म्हणाली, "आधी तू लिही. मग मी करते. माझ्या तोंडून तिला पहिल्यांदा कळायला नको." तिच्याच टेबलावर बसून हे लिहितोय. ती समोर बसून माझ्या हाताकडे बघते आहे.

जावईबापूंना हे पत्र वाचायला दे, तेही तिथे होते. तुझ्या जुन्या विभागात दाखव, जिथे कुणी तुझ्याकडे तिरकं बघितलं असेल तिथे दाखव. खाली माझी सही आहे, ती मी कुठेही जाऊन खरी आहे म्हणेन.

ठमे, आईला तू मारलं नाहीस. मीही नाही. तिला आजाराने नेलं, आणि कुठल्याही भुलीने ती वाचली असती असं चारशे बारा माणसं मोजूनही कुणाला सांगता आलेलं नाही. पण तुझ्या हातातली सिरिंज मी काढून घेतली. तुझं काम, तुझी मावशी, तुझं माहेर काढून घेतलं. आणि ते करताना मला माहीत होतं की ती नळी गार होती.

क्षमा कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. ते मागायला मी स्वतः यायला हवं, आणि तू ये म्हणशील तेव्हाच येईन.

मावशी विचारते आहे, लिहून झालं का. झालं.

तुझा दादा,
ज्याने हे सहा वर्षांपूर्वी, तू नळ बंद केलास तेव्हाच बोलायला हवं होतं